भाव 97 सेंटचा, पण कोणाचा?

प्रश्न : आमच्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले, तेव्हापासून मी तिथल्या निवडणुकांच्या बातम्या वाचतो. माझा मुलगा मिशिगनमध्ये नोकरी करतो. तो सांगतो, तिकडे निकालांवर पैसे लावायचे ‘प्रेडिक्शन मार्केट’ चालतात आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या पक्क्या जागेचा भाव 97 सेंटपर्यंत असतो, म्हणजे तीन सेंट हमखास सुटतात. मॅडम, हमखासच आहे तर भाव 100 का होत नाही? मीही थोडे पैसे घालावेत, असे तो म्हणतो.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे आकडे तुम्ही वाचले असतील. तिथे ज्याचा भाव कमी, तो जिंकणार असे धरतात. इथे उलटे आहे. 97 सेंट देऊन तुम्ही एक ‘हो’ विकत घेता. पक्ष जिंकला तर डॉलर मिळतो, हरला तर सगळे गेले. मतांच्या टक्क्यांशी या आकड्याचा संबंध नाही. 2022 च्या नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीत ठाणेदार यांना सुमारे 71 टक्के मते पडली. जागा पक्की म्हणायला तेवढी पुष्कळ झाली.

मी संख्याशास्त्र शिकवायची तेव्हा असा भाव फळ्यावर लिहिला, की ‘हरण्याची शक्यता तीन टक्के’ असे उत्तर लगेच यायचे. पण त्या तीन सेंटांत इतरही गोष्टी असतात. निकाल लागेपर्यंत पैसे अडकतात. 97 चे 100 व्हायला वर्ष लागणार असेल, तर तो परतावा जेमतेम तीन टक्के. सरकारी रोख्यांत तेवढे किंवा जास्त मिळत असेल तर शेवटचे तीन सेंट वर ढकलायला कोण येईल? शिवाय शुल्क असते. प्रेडिक्टइट ही 2014 मध्ये सुरू झालेली बाजारपेठ अनेक वर्षे नफ्यातले 10 टक्के कापायची आणि पैसे काढताना आणखी 5 टक्के. 97 सेंट लावून जिंकलात, तरी खात्यातून काढल्यावर हातात 95 सेंटही पडत नसत!

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. हा भाव बहुतेक वेळा पक्षाचा असतो, माणसाचा नसतो. पक्क्या जागेत खरी लढत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत होते; मिशिगनमध्ये ती ऑगस्टमध्ये असते. 2022 मध्ये ठाणेदारांच्या 13व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीला नऊ उमेदवार होते. ठाणेदार जिंकले ते सुमारे 28 टक्के मतांवर, कारण मिशिगनमध्ये ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, दुसरी फेरी नाही. म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत 70 टक्क्यांहून अधिक मते इतरांना गेली, आणि तीनच महिन्यांनी तेच उमेदवार 71 टक्क्यांनी निवडून आले. नोव्हेंबरचा भाव पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

न्यूयॉर्कच्या 14व्या मतदारसंघात 2018 च्या जूनमध्ये जो क्राउली प्रायमरी हरले. ते 1999 पासून खासदार होते, सभागृहातल्या डेमोक्रॅट नेत्यांत चौथ्या क्रमांकाचे. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ या 28 वर्षांच्या नवख्या उमेदवाराने त्यांना हरवले. पक्षावर पैसे लावणाऱ्याचे एक सेंटही बुडाले नसते. जागा डेमोक्रॅटांकडेच राहिली. तिथल्या लोकांसाठी मात्र त्यांचा प्रतिनिधी बदलला होता. मतदारांचा निर्णय ज्या दिवशी होतो, त्या दिवसाकडे आपले लक्ष असावे, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना मताधिकार आहे, त्यांनाही हेच सांगेन.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते, घालू नका. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब पाहा. एकदा हरलात तर गेलेले 97 सेंट भरून काढायला 33 वेळा जिंकावे लागते. ‘हमखास’ म्हणताना मुलाने हे धरलेले दिसत नाही. त्याला एवढे विचारा, की तो पाहतो तो भाव पक्षाचा आहे की उमेदवाराचा. उमेदवाराचा असेल तर प्रायमरीच्या आधी तो किती होता आणि नंतर किती झाला, हे त्याच्याकडून मागवून घ्या. तुमच्या बेळगावच्या माणसाबद्दल त्यातून बरेच कळेल.