मोठ्याने वाच

प्रिय पोरी,

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, सवलतीत घेतलेले तीन नवे कवितासंग्रह पाडवा उलटला तरी उलगडत नाहीत, म्हणून 'कविता माझ्यासाठी नाहीच' असं लिहून मोकळी झालीस. तीनही एका रविवारी संपवलेस, तेही मनातल्या मनात. मग दुसरं काय होणार? कविता मोठ्याने वाच.

चैत्रातली सकाळ धर. ऊन चढायच्या आत, गच्चीत नाहीतर खिडकीशी. एका बैठकीला एक कविता, फार तर दोन. प्रस्तावना आणि मलपृष्ठ शेवटी. ते आधी वाचलंस की दुसऱ्याचा अर्थ डोक्यात ठाण मांडतो. पहिल्यांदा न थांबता वाच. दुसऱ्यांदा जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने बारीक टिंब दे. तिसऱ्यांदा त्या टिंबांपाशी सावकाश हो. पुष्कळदा कवीने तिथेच काहीतरी मोडलेलं असतं.

मुक्तछंदात, म्हणजे अक्षरांचं ठरलेलं माप नसलेल्या कवितेत, मोडते ती ओळ. साधं वाक्य घे: उन्हात आई वाळत घालते पापड. सलग वाचलं तर उन्हाळ्यातलं नेहमीचं काम. आता अशी मोड:

उन्हात आई वाळत
घालते पापड

पहिल्या ओळीच्या टोकाला श्वासभर थांब. पापड अजून आलेच नाहीत. उन्हात आईच वाळते आहे. डोळे हे सहज ओलांडून जातात, आवाजाला मात्र थांबावं लागतं. म्हणून म्हणतो, मोठ्याने वाच. मोबाइलवर वाचत असशील तर तो आडवा धर, अक्षर लहान कर. उभ्या पडद्यावर लांब ओळ भलतीकडेच तुटते आणि ते तुटणं तू कवीचं समजतेस.

कान तयार नसेल तर आठवडाभर रोज तुकोबांचा एक मोठा अभंग म्हण. मोठा अभंग म्हणजे चार चरणांत 6, 6, 6, 4 अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. चौथा आखूड, म्हणून आवाज तिथे आपोआप खाली बसतो. मोजताना जोडाक्षर एकच धर आणि बोलताना गिळला जाणारा शेवटचा 'अ' पुरा धर. 'घर' दोन अक्षरी. मोजणी चुकते ती इथेच. एखादं अक्षर कमीजास्त निघालं तर बिचकू नकोस, म्हणताना ते सामावून जातं.

घरातले ऐकतील म्हणून लाजतेस ना? लाजेपायी मुक्याने वाचण्यात वर्षं जातात. माझी गेली. हा माझा हट्ट वाटेल, वाटू दे. मुक्याने वाचलेली कविता मी वाचलेली धरतच नाही.

उद्या तिन्हींतला सर्वांत पातळ संग्रह घे, मधलं कुठलंही पान उघड. तीनदा वाच, मोठ्याने. टिंबं कुठे पडली ते पानासकट कळव. अर्थ इतक्यात लिहू नकोस.