एका पीसीवर चौघं बसत असतील तर

दांडिया बाजारातल्या तुझ्या ऑफिसात एकाच पीसीवर चौघं बसतात आणि पासवर्ड सगळ्यांना ठाऊक, हे आधी बंद कर. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं काढ, तेही स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं फक्त सॉफ्टवेअर टाकण्यापुरतं. रोजचं काम त्यावर नको, शेठचंसुद्धा नको. (शेठला हे पटवणं, खरं अवघड काम ते.)

स्टँडर्ड खात्यातून दुसऱ्याचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स उघडत नाहीत. पण डी ड्राइव्हवरची फाइल सहसा सगळ्यांना दिसते, आणि पगारपत्रक, ग्राहकांचे पॅन-आधार नेमके तिथेच पडलेले असतात. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघड, आधी इनहेरिटन्स (वरच्या ड्राइव्हकडून आपोआप येणाऱ्या परवानग्या) बंद कर, मग 'युजर्स' आणि 'ऑथेंटिकेटेड युजर्स' हे गट काढून लागतील तेवढीच नावं ठेव. अ‍ॅडमिनला तरीही वाट काढता येते, हे सगळ्यांना स्पष्ट सांग.

उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबून स्क्रीन लॉक करायची सवय लाव. कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी खातं डिसेबल कर. घाईत डिलीट केलंस तर त्याच्या फाइलीही जाऊ शकतात. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचे युजर मात्र निराळे, ते टॅलीतच जाऊन बंद करावे लागतात.