वाचकांचे प्रश्न : आर्किटेक्टच्या ऑफिसचा हिशेब

प्रश्न : नाशिकला माझं तीन माणसांचं ऑफिस आहे. दोन-दोन लाख फीची बंगल्यांची कामं हातात भरपूर, तरी महिनाअखेरीस खात्यात काही उरत नाही. फी वाढवली तर पार्टी दुसरीकडे जाते. काय चुकतंय?

उत्तर : आधी ऑफिसचा एक तास तुम्हाला कितीला पडतो ते काढा. समजा, भाडं १८,०००, दोघांचे पगार ५०,०००, तुमचा स्वतःचा पगार ६०,००० (हा बहुतेकजण धरतच नाहीत), सॉफ्टवेअर ९,०००, वीज-इंटरनेट-प्लॉटिंग (नकाशांची छपाई) ७,०००, पेट्रोल ६,०००. झाले महिन्याचे दीड लाख. तिघांचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ६०० तास. महापालिकेतल्या फेऱ्या, फोन, नव्या कामासाठीच्या भेटी वजा केल्या की कामाला लागणारे साधारण ३६० उरतात. तास पडला ४१७ रुपयांना. दोन लाखांचं काम ४८० तासांच्या पुढे गेलं की तुम्ही पदरचे घालताय. प्रत्येकाने रोज संध्याकाळी प्रोजेक्टचं नाव आणि तास वहीत लिहावेत, बस्स.

वही बहुधा बदलांकडेच बोट दाखवेल. आरसीसीचे नकाशे निघाल्यावर मालकाचा फोन येतो, 'ते जिन्याखालचं टॉयलेट पलीकडे घ्या ना.' प्लॅन, सेक्शन, प्लंबिंग सगळं बदलतं. टॉयलेटखालच्या खोलगट स्लॅबची (संकन स्लॅब) जागा बदलते, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरलाही पुन्हा बसावं लागतं आणि त्याचं जादा बिल तुमच्या टेबलावर येतं. म्हणून नेमणूकपत्रातच लिहा : दोन पर्याय आणि निवडलेल्या पर्यायात दोन किरकोळ बदल फीमध्ये धरले आहेत, मालकाने सही केलेल्या प्लॅननंतरचा बदल तासाला ५०० रुपये. सहीच्या प्लॅनवर तारीख आणि आर-१, आर-२ असा आवृत्तीचा (रिव्हिजन) क्रमांक हवा. फोनवर सांगितलेला बदल त्याच दिवशी मेलने कळवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची नेमणूक मालकानेच वेगळी करावी, हे उत्तम.

हप्ते असे बांधता येतील : नेमणुकीला १० टक्के, संकल्पना मंजूर झाल्यावर १५, फाइल महापालिकेत दाखल करताना २०, वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) हातात देण्यापूर्वी २५, साइटचे २५, पूर्णत्वाला ५. 'मंजुरी मिळाल्यावर' असा टप्पा घालू नका. मंजुरीची तारीख तुमच्या हातात नसते. साइटचे पैसे एकेक स्लॅब पूर्ण होण्याला जोडण्यापेक्षा महिन्याला ठरावीक घ्या आणि महिन्याला दोन भेटी असं लिहा. काम रखडलं तरी फोन काही थांबत नाहीत.

प्रश्न : बिल्डरला मार्चमध्ये १ लाखाचं बिल दिलं, जीएसटीही भरला. पैसे अजून आले नाहीत. हा कर परत मिळेल का?

उत्तर : नाही. केवळ पैसे बुडाले म्हणून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद) काढता येत नाही. मुळात कर पैसे येण्याची वाट पाहत नाही. तीन महिन्यांहून जास्त चालणाऱ्या, हप्त्याहप्त्याने पैसे ठरलेल्या सेवेत करारात तारीख दिली असेल तर त्या तारखेपर्यंत, आणि हप्ता एखाद्या टप्प्याला जोडला असेल तर तो टप्पा पूर्ण होईपर्यंत बिल निघायलाच हवं. म्हणून टप्प्याची भाषा अशी ठेवा की पैसे आधी आणि ड्रॉइंग मागून. आगाऊ रक्कम आली की त्यावरही जीएसटी लागतो, हे विसरू नका.

आलेला आकडाही फसवतो. १,००,००० फी आणि १८,००० जीएसटी. बिल्डर फीवर १० टक्के टीडीएस (तुमच्या नावे आधीच कापलेला आयकर) कापतो, खात्यात येतात १,०८,०००. त्यातले १८,००० सरकारचे. ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. वापरायला उरतात ९०,०००.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा आणि तो क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय मुदत चुकली तर बिल्डरला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो. म्हणून आर्थिक वर्ष संपण्याआधी, फेब्रुवारीत त्याच्या सीएला या मुद्द्याचं एक साधं पत्र पाठवा. चार फोनपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

प्रश्न : मालकाचे महापालिकेचे शुल्क मी माझ्या खात्यातून भरतो, मग त्याच्याकडून घेतो. चालेल?

उत्तर : टाळा. चलन मालकाच्या नावाने काढा आणि त्यालाच भरू द्या. नाहीतर विकास शुल्काचे पाच लाख तुमच्या खात्यातून फिरतात, तुमची उलाढाल फुगलेली दिसते आणि ती फी नव्हती हे कागदांनिशी दाखवत बसावं लागतं. अडलंच, तर मालकाचं लेखी अधिकारपत्र घ्या, बिलात ती रक्कम वेगळ्या ओळीत, एक रुपयाही न वाढवता दाखवा आणि पावतीची प्रत जोडा.