वाचकांचे प्रश्न : दारे-खिडक्यांना ऑइल पेंट लावावा की कमी वासाचा रंग?

प्रश्न : आमचे घर १९९२ साली बांधलेले आहे. दारे, चौकटी आणि खिडक्यांना आजवर पांढरा ऑइल पेंटच लावत आलो आहोत. दिवाळीपूर्वी पुन्हा रंग द्यायचा आहे. सासऱ्यांना दमा आहे आणि मुलगा दीड वर्षाचा आहे. दुकानदार ‘लो ओडर’ रंग सुचवतात. रंगारी मात्र म्हणतात, की ऑइल पेंटची चमक आणि मजबुती दुसऱ्या कशाला येत नाही. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रंगाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. ऑइल पेंट, म्हणजे अल्किड एनॅमल, सावकाश सुकतो. त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप बसतात आणि चमक एकसारखी येते. तरीही घराच्या आतल्या लाकूडकामासाठी पाण्यावर आधारित एनॅमल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे पहिले कारण आपल्या सासऱ्यांचा दमा हेच आहे. ऑइल पेंटमधील टर्पेंटाइनचा बराचसा भाग पहिल्या एक-दोन दिवसांत उडून जातो. पण त्यानंतर रंगातील तेलाचा अंश हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत कडक होत असतो आणि त्या क्रियेत अल्डिहाइड वर्गातील वासाची संयुगे पुढे कित्येक दिवस बाहेर पडत राहतात. आतून ऑइल पेंट दिलेले कपाट बऱ्याच दिवसांनी उघडले तरी उग्र दर्प येतो, तो यामुळेच. शिवाय पांढरा ऑइल पेंट उजेड न मिळणाऱ्या जागी, म्हणजे कपाटाच्या आत किंवा दाराच्या मागे, पिवळा पडतो. पाण्यावरचा ॲक्रिलिक एनॅमल सहसा पांढराच राहतो.

मात्र डब्यावर ‘लो ओडर’ असे लिहिलेले पाहून निश्चिंत होऊ नये. टर्पेंटाइनसारख्या द्रावकातील उग्र वासाचे ॲरोमॅटिक घटक काढून टाकले, की ऑइल पेंटचाही वास बराच कमी होतो, परंतु हवेत मिसळणारी सेंद्रिय संयुगे, ज्यांना माहितीपत्रकात व्हीओसी म्हणतात, जवळजवळ तितकीच राहू शकतात. दुकानदाराकडे त्या रंगाचे माहितीपत्रक मागावे आणि लिटरमागे व्हीओसी किती ग्रॅम आहे, हा आकडा पाहावा. तुलनेसाठी सांगायचे तर युरोपीय संघात लाकूड व धातूवर लावायच्या अशा रंगांसाठी २०१०पासून पाण्यावरच्या रंगाला लिटरमागे १३० ग्रॅम आणि द्रावकावरच्या रंगाला ३०० ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. पाण्यावरच्या रंगातूनही थोडी बाष्पे निघतातच, म्हणून काम चालू असताना आणि नंतरचे काही दिवस सासऱ्यांची झोपण्याची व्यवस्था दुसरीकडे करावी व खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून अमलात आले. आपल्या चौकटींवरचे जुने थर त्याआधीचे आहेत आणि त्यांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. रंगारी कोरडा काचकागद मारू लागला, की ती बारीक धूळ जमिनीवर बसते, आणि रांगणारे-चालणारे मूल तीच बोटांनी तोंडात घालते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक आहे. त्यामुळे कोरडे घासणे आणि ब्लो लॅम्पने रंग जाळणे या दोन्ही गोष्टींना ठाम नकार द्यावा. खाली प्लास्टिक अंथरून, पाणी लावत वॉटर पेपरनेच घासून घ्यावे, नंतर ओल्या फडक्याने दोनदा पुसावे आणि हे काम होईपर्यंत मुलाला घराबाहेर ठेवावे. चांगले चिकटलेले थर मुळापर्यंत काढण्याचा आग्रह धरू नये.

जुन्या गुळगुळीत ऑइल पेंटवर पाण्यावरचा रंग थेट मारला, तर तो पापुद्र्यासारखा निघतो. पाण्यावरच्या रंगाची बदनामी झाली आहे ती बहुतेक अशा घाईच्या कामांमुळे. चमक पूर्ण मरेपर्यंत घासणे आणि जुन्या एनॅमलवर चालेल असे लिहिलेला प्रायमर लावणे, या दोन पायऱ्या गाळू नयेत. आधी एका दाराच्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर प्रायमर आणि रंगाचा एक हात देऊन दोन-तीन दिवस थांबावे व नखाने खरवडून पाहावे. पट्टीसारखा रंग निघाला, तर घासणे कमी पडले आहे. ब्रश नायलॉनच्या केसांचा घ्यावा, कारण जनावराच्या केसांचा ब्रश पाण्याने मऊ पडतो. रंग लवकर सुकत असल्याने लावलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवू नये. दुसरा हात त्याच दिवशी देता येतो. पूर्ण कडकपणा येण्यास मात्र दोन ते चार आठवडे लागतात. तोवर दारे गच्च लावल्यास चौकटीला चिकटतात, तेव्हा रात्रीसुद्धा ती किंचित उघडी ठेवावीत.

प्रश्न : आमच्याकडे खिडक्यांना लोखंडी ग्रिल आहे आणि खारे वारे थेट लागतात. तिथेही पाण्यावरचाच रंग द्यावा का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. तिथे मी पारंपरिक ऑइल पेंटच सुचवीन. उघड्या लोखंडावर पाण्यावरचा थर सुकता सुकताच गंजाचे तांबूस डाग उमटू शकतात, आणि दमट हवेत तो सुकायलाही वेळ घेतो. वास बाहेरच्या बाहेर जात असल्याने घरातील माणसांना त्याचा त्रासही कमी होतो. तारेच्या ब्रशने गंज काढून, ग्रिल गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, कारण रंगाखाली मीठ राहिले तर गंज पुन्हा वर येतो. मग झिंक फॉस्फेटचा प्रायमर आणि त्यावर एनॅमलचे दोन हात द्यावेत. सांध्यांवर आणि कडांवर रंग पातळ बसतो, तिथे आधी ब्रशने एक जादा हात द्यावा.