डबा ‘मॅक्स’च्या रेघेपर्यंत भरू देऊ नका

भाऊ, बॅटरीवरचा व्हॅक्यूम क्लीनर नवीन असूनही आठवड्यात त्याची धूळ खेचायची ओढ कमी झाली, म्हणून लगेच बॅटरीवर संशय घेऊ नका. आधी धूळ साठते तो डबा काढा. धूळ ‘मॅक्स’च्या रेघेला टेकायच्या आतच तो रिकामा व्हायला हवा, त्यावर गेली की बारीक धूळ थेट फिल्टरमध्ये शिरते.

रिकामा करताना पंखा, कूलर बंद. डबा पिशवीत खोलवर धरून मगच झाकण उघडा, नाहीतर सगळी धूळ परत घरात. जाळीला गुंडाळलेले केस जुन्या टूथब्रशने निघतात. डबा ओल्या फडक्याने पुसला तरी पुरतं.

खरी गोम फिल्टरची. माहितीपुस्तिकेत धुता येतो असं लिहिलं असेल तरच धुवा, गार पाण्यात, साबणाशिवाय. मग सावलीत किमान २४ तास. नागपूरच्या मे महिन्यात तो दुपारपर्यंतच कोरडा वाटेल, पण आतल्या घड्या ओल्या राहू शकतात आणि ओला फिल्टर मोटरीला बाधतो. गच्चीवरच्या उन्हात मात्र ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. कूलरसमोर तर अजिबात नाही, ती हवाच दमट! पावसाळ्यात दोन दिवस धरा.

आणि दिवाळीची रांगोळी झाडूनेच भरा. ती पूड फिल्टर पार बुजवते.