‘प्लीज प्लीज मी’ एक का दोन? आणि तुमच्या बाकीच्या यादीबद्दल

तुमची पोस्ट वाचली, हसू पण आलं आणि जुनं दुखणं पण वर आलं. सोसायटीच्या हॉलमध्ये गाणी ऐकवायचा कार्यक्रम, विषय “आज गाजलेली पण तेव्हा चार्टवर खालीच राहिलेली इंग्लिश गाणी”, यादी तयार, आणि मग एक साइट म्हणते बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ एक नंबरला होतं, दुसरी म्हणते दोन, ‘स्टेअरवे टू हेवन’ कुठे सापडतच नाही, आणि ग्रुपमधला कोणीतरी लगेच म्हणतो की तुझे आकडे बोगस आहेत. हे सगळं माझं भोगून झालंय. चार्ट म्हणजे त्या आठवड्यात कुठलं गाणं किती चाललं याची क्रमवारी आणि सिंगल म्हणजे अल्बमपासून सुटं विकलेलं गाणं, हे तुम्हाला माहिती असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी कोणी जाणकार वगैरे नाही हं, बँकेत आयुष्य गेलं, फक्त जुन्या रेकॉर्डच्या मागचं बारीक अक्षर वाचायची खोड आहे. तेव्हा पटेल तेवढं घ्या.

आधी तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही साइट बरोबर आहेत. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९६९ पर्यंत सगळ्यांना मान्य असा एकच अधिकृत चार्ट नव्हताच, प्रत्येक साप्ताहिक आपापला चार्ट छापायचं. न्यू म्युझिकल एक्सप्रेस आणि मेलडी मेकर या दोघांकडे १९६३ मध्ये ‘प्लीज प्लीज मी’ एक नंबरला गेलं, रेकॉर्ड रिटेलर नावाच्या व्यापारी पत्रात ते दोनवर थांबलं. आणि पुढे जेव्हा अधिकृत इतिहास ठरवला तेव्हा साठच्या दशकासाठी नेमका रेकॉर्ड रिटेलरचा चार्ट धरला, त्यामुळे आता पुस्तकात दोन. म्हणूनच २००० साली बीटल्सच्या एक नंबर गाण्यांचा जो अल्बम आला त्यात हे गाणं नाही. ग्रुपमधल्या त्या गृहस्थांना एवढं सांगा आणि पुढे चला, पण मुळात दोन नंबरचं गाणं तुमच्या यादीत हवंच कशाला?

आता ‘स्टेअरवे’. हे यादीतून काढा, मी तर म्हणतो आजच काढा. परीक्षेला न बसलेला मुलगा आणि नापास झालेला मुलगा यात फरक करायला नको? लेड झेपेलिनने १९७१ चं हे गाणं सिंगल म्हणून दुकानात विकायला दिलंच नाही, रेडिओवाल्यांना वाजवायला कॉपी दिल्या तेवढंच, गाणं पाहिजे तर अख्खा अल्बम घ्या. त्या काळी विक्रीला सिंगल नसेल तर हॉट १०० मध्ये (म्हणजे अमेरिकेतल्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या मुख्य चार्टमध्ये) नाव येणार कुठून. तीच गोष्ट रोलिंग स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’ची. आणि तीच ‘द हू’च्या ‘बाबा ओरायली’ची, ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघालंच नाही. (यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, नगरजवळ मेहेराबादला समाधी आहे ते. ‘द हू’ बँडमधला पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. हे कार्यक्रमात जरूर सांगा, लोक खूष होतात, पण गाणं “चार्टवर आपटलं” असं म्हणू नका, ते तिथे गेलंच नव्हतं.)

हा सिंगलचा नियम नव्वदच्या दशकापर्यंत चालला. नो डाउटचं ‘डोंट स्पीक’ अमेरिकेत रेडिओच्या चार्टवर १६ आठवडे पहिलं होतं आणि हॉट १०० मध्ये त्याचं नावसुद्धा नाही, कारण सिंगल विकायला नव्हतं. डिसेंबर १९९८ मध्ये बिलबोर्डने नियम बदलला, तेव्हा गू गू डॉल्सचं ‘आयरिस’ एकदम आत आलं आणि ९ पर्यंत गेलं, तोपर्यंत त्याचा खरा जोर ओसरलाही होता. तर असा ९ हा आकडा बघून तुम्ही काय ठरवणार?

मला सगळ्यात महाग काय पडलं ते सांगतो, कारण तुमचं तेच होणार असं दिसतंय. तुम्ही लिहिलंय की सोसायटीचं ऑफिस एक छोटी पुस्तिका छापणार आहे. जपून!

मी असाच कार्यक्रम एका संस्थेसाठी केला होता. नाव घेत नाही, मंडळी अजून भेटतात. त्यांना स्मरणिकेसाठी तक्ता करून दिला, रकाने असे: गाणं, साल, देश, चार्ट, सर्वात वरचा क्रमांक. ज्या गाण्याचं ब्रिटनमध्ये एक आणि अमेरिकेत दुसरं झालं त्याच्या दोन ओळी, वर ब्रिटनची, खाली अमेरिकेची. अख्ख्या कार्यक्रमाचा जीवच त्यात होता. आता त्यांच्या ऑफिसने काय करावं? तक्ता पानात बसत नाही म्हणून “देश” आणि “चार्ट” हे दोन रकाने उडवले. मग एकच गाणं दोनदा दिसायला लागलं, तर ती “डुप्लिकेट एंट्री” समजून खालची ओळ पण उडवली. म्हणजे आयक आणि टीना टर्नरचं ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’, १९६६, अमेरिकेत ८८ आणि ब्रिटनमध्ये ३, त्यातलं राहिलं काय तर ३. हेन्ड्रिक्सचं ‘पर्पल हेझ’ अमेरिकेत ६५, ब्रिटनमध्ये ३, राहिलं ३. बीच बॉइजचं ‘गॉड ओन्ली नोज’ अमेरिकेत ३९, ब्रिटनमध्ये २, राहिलं २. आणि वर ठळक अक्षरात मथळा, “चार्टवर आपटलेली गाणी”.

पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, तिसरा नंबर म्हणजे आपटणं असेल तर आमच्या नातवाला काय म्हणायचं? हॉल हसला, आणि मी पुढचा सगळा वेळ गाणी वाजवायची सोडून आकडे समजावत बसलो. छपाईआधी प्रूफ मागितलं होतं, तर म्हणे प्रूफ बाहेरच्या लेखकांना दाखवायची पद्धत नाही. नंतर शुद्धिपत्रक चिकटवा म्हटलं तर त्याला कार्यकारिणीची मंजुरी लागते, आणि बैठक दिवाळीनंतर. आणि वर मानधन अडकवलं, कारण काय तर “स्मरणिकेतल्या चुकांबद्दल सभासदांच्या तक्रारी आल्यात”. चुका कोणाच्या, तक्रारी कशाबद्दल, पैसे कोणाचे कापले! बरं ज्या क्लार्कने ते रकाने उडवले तो बिचारा गाणं ऐकणारा नव्हताच, त्याचा राग नाही, पण ज्यांनी “आम्ही सगळं बघून घेतो” म्हणून कागद हातातून घेतला आणि नंतर फोन उचलला नाही त्यांचा अजून आहे. असो.

म्हणून फुकटचा सल्ला. देशाचा वेगळा रकाना करूच नका. आकडा आणि देश एकाच चौकटीत एकत्र लिहा, “अमेरिका ८८, ब्रिटन ३” असं, म्हणजे उडवायचं ठरवलं तरी सगळंच उडेल, अर्धवट राहणार नाही. आणि पीडीएफ करूनच द्या, वर्डची फाइल देऊ नका कोणाला.

आता खरंच नापास झालेल्यांकडे या, मजा तिथे आहे. माझ्या मते ‘रिव्हर डीप’ तुमच्या यादीत पहिलं हवं. निर्माता फिल स्पेक्टरने त्यात जीव ओतला होता, अमेरिकेत ८८ वर गार पडल्यावर माणूस बराच काळ धंद्यातून बाजूला झाला. का पडलं याची कारणं खूप देतात, सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हे की गोऱ्यांच्या रेडिओला ते काळ्यांचं वाटलं आणि काळ्यांच्या रेडिओला पॉप वाटलं. मला हे बऱ्यापैकी पटतं, पण शपथेवर सांगणार नाही. दुसरं लुई आर्मस्ट्राँगचं ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’, १९६७. अमेरिकेतल्या त्याच्याच रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख लॅरी न्यूटन यांना गाणं आवडलं नव्हतं, जाहिरात केलीच नाही, तिकडे ते पहिल्या शंभरात पण आलं नाही. त्याच वेळी ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये एक नंबर! अमेरिकेत ते ३२ पर्यंत पोचलं १९८८ साली, एका सिनेमात वापरल्यावर, तोवर आर्मस्ट्राँग जाऊन सतरा वर्षं झाली होती.

किंक्सचं ‘वॉटरलू सनसेट’ १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये २ आणि अमेरिकेत हॉट १०० मध्ये नाहीच. किंक्सना १९६५ पासून चार वर्षं अमेरिकेत दौरे करता येत नव्हते, तिथल्या वादकांच्या युनियनने परवाना अडवला होता. फक्त त्यामुळेच गाणं पडलं असं म्हणता येत नाही, ‘सनी आफ्टरनून’ त्याच काळात १४ पर्यंत गेलं होतं, पण स्वतः जाऊन न वाजवल्याचा फटका बसणारच की. बोवीचं ‘हीरोज’ १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये २४, अमेरिकेत शंभरात नाही. एसी/डीसीचं ‘हायवे टू हेल’ अमेरिकेत ४७. टॉम पेटीचं ‘अमेरिकन गर्ल’ नावातच अमेरिका असून अमेरिकेच्या शंभरात नाही, ब्रिटनमध्ये ४०.

क्वीनचं ‘डोंट स्टॉप मी नाउ’ तर घ्याच. १९७९, ब्रिटन ९, अमेरिका ८६. आज लग्नात, जिममध्ये, जाहिरातीत सगळीकडे वाजतं, आणि तेव्हा अमेरिकेने ८६ वर बसवलं. एकच विनंती, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता हे तुम्ही म्हणालात की हॉलमधला कोणीतरी उठून आपल्या पाचगणीच्या ट्रिपबद्दल बोलायला लागतो आणि मग तो खाली बसत नाही. शेवटी सांगा, किंवा चहाच्या वेळी.

बी साइड, म्हणजे सिंगल रेकॉर्डची मागची बाजू, हा वेगळाच घोळ आहे. ‘गॉड ओन्ली नोज’ अमेरिकेत ‘वुडंट इट बी नाइस’च्या मागे होतं, म्हणून तो ३९ हा आकडा मला जरा अन्यायाचा वाटतो. सॅम कुकचं ‘अ चेंज इज गॉना कम’ पण ‘शेक’च्या मागे, १९६५ मध्ये ३१. बरं, बिलबोर्ड आधी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायचं आणि नोव्हेंबर १९६९ अखेरीस एकत्र मोजायला लागलं. तुमच्या यादीत क्रीडन्सच्या ‘फॉर्च्युनेट सन’पुढे १४ आहे आणि कोणीतरी कमेंटमध्ये ३ म्हटलंय ना, ते यामुळेच. एकटं ते १४ पर्यंत गेलं होतं, पुढच्या आठवड्यात नियम बदलला आणि पलीकडच्या ‘डाउन ऑन द कॉर्नर’सकट जोडी ३ पर्यंत गेली. या बँडबद्दल आणखी एक, त्यांची पाच सिंगल्स अमेरिकेत २ वर अडकली आणि तिथे एक नंबर कधीच मिळाला नाही. मी असतो तर यावरच अर्धा तास केला असता.

अजून एक फसवणारी गोष्ट म्हणजे एकाच देशातले दोन चार्ट. एटा जेम्सचं ‘ॲट लास्ट’ १९६१ मध्ये हॉट १०० मध्ये ४७, पण आर अँड बी, म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या संगीताच्या, चार्टवर २. मग हे पडलं म्हणायचं का? ज्यांच्यासाठी गायलं त्यांनी डोक्यावर घेतलंच होतं. मी हे गाणं ठेवीन, पण दोन्ही आकडे बोलून दाखवीन.

आणि साइटवरचा “पीक” (सर्वात वरचा क्रमांक) आंधळेपणाने उचलू नका, तो कधीचा ते बघा. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ अमेरिकेत १९८५ मध्ये ३० होतं, आता बऱ्याच ठिकाणी ३ दिसेल, तो २०२२ चा. जर्नीचं ‘डोंट स्टॉप बिलीव्हिन’’ ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये ६२, नंतर बऱ्याच वर्षांनी ६. ‘स्टेअरवे’सुद्धा २००७ मध्ये डाउनलोडवर ब्रिटनमध्ये ३७ ला जाऊन आलं, कोणी तो आकडा फेकला तर गोंधळू नका. शिवाय अमेरिकेत १९९१ पर्यंत दुकानदार फोनवर सांगतील त्यावर विक्रीचे आकडे ठरायचे, बारकोडने मोजणं नंतर आलं. तेव्हा जुना ४१ आणि जुना ४४ यात फार काही अर्थ शोधू नये असं माझं स्पष्ट मत आहे, यावर इथे काही जण भांडतील, भांडोत.

कार्यक्रमासाठी एक युक्ती. नुसतं पडलेलं गाणं वाजवू नका, त्याला कोणी अडवलं तेही अर्धा मिनिट वाजवा. अल्ट्राव्हॉक्सचं ‘व्हिएन्ना’ १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे २ वर, त्यातले तीन आठवडे वर काय होतं तर जो डॉल्चेचं ‘शॅडप यू फेस’, ऐकाच एकदा. ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ १९६७ मध्ये २ वर थांबली ती एंगलबर्ट हंपरडिंकच्या ‘रिलीज मी’मुळे, आणि हा हंपरडिंक जन्मला आपल्या मद्रासला. ही दोन्ही गाणी खाली राहिलेली नाहीत, माहितीये मला, पण मध्येच असं काही टाकलं की लोक मोबाइल बाजूला ठेवतात.

तुमच्या यादीतलं एल्टन जॉनचं ‘टायनी डान्सर’ अमेरिका ४१, १९७२, ते बरोबर आहे. फक्त त्याच्यापुढे “ब्रिटन” असा रकाना रिकामा सोडलाय तिथे रेघ मारू नका, “सिंगल काढलं नाही” असं लिहा. उरलेली नावं इथेच टाका, रात्री जेवून बघतो.