जुन्या काळातले बॉक्सर आजच्या बॉक्सरसमोर टिकले असते का?

तुम्ही विचारलंय की जो लुई, मार्सियानो, मोहम्मद अली आज रिंगमध्ये उतरले असते तर टायसन फ्युरी किंवा उसिकसमोर त्यांचा निभाव लागला असता का. आधी मला एक सांगा, लढत किती फेऱ्यांची ठेवायची?

उत्तर टाळायचं म्हणून हे विचारत नाही, निम्मं उत्तर त्यातच आहे. विश्वविजेतेपदाची लढत पूर्वी १५ फेऱ्यांची असायची. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने लढती १२ फेऱ्यांवर आणल्या आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या संघटनांनीही तेच केलं. निर्णय योग्यच होता, त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. पण शेवटच्या तीन फेऱ्या गेल्या तशी एक वेगळीच परीक्षाही गेली.

१९४१ साली बिली कॉन हा जो लुईपेक्षा किमान ११ किलोंनी हलका होता. तरी बारा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता, बाराव्या फेरीत तर त्याने लुईला हादरवलं होतं. तेराव्यात नॉकआउटच करायचा म्हणून तो अंगावर गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना आडवा झाला. १९५२ साली जर्सी जो वॉल्कॉट तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा एक उजवा ठोसा बसला आणि सगळं संपलं. १९८१ साली टॉमी हर्न्सही तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता, चौदाव्यात शुगर रे लेनर्डने त्याला गाठलं. बाराव्या फेरीनंतर लढतच संपली असती तर हे तिघेही जिंकले असते. मार्सियानोचा ४९-० (४९ विजय, एकही पराभव नाही) हा विक्रमही तिथेच तुटला असता. अर्थात १२च फेऱ्या आहेत हे माहीत असतं तर लुई आणि मार्सियानो आधीच भिडले असते. म्हणून कोणत्या नियमांनी लढायचं हे ठरवल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट लढतींच्या संख्येची. शुगर रे रॉबिन्सन ५ फेब्रुवारी १९४३ला जेक लामोटाकडून हरला, १९ तारखेला दुसऱ्याच एका बॉक्सरला हरवलं आणि २६ला पुन्हा लामोटासमोर उभा राहून जिंकला. तीन आठवड्यांत तीन लढती! त्याच्या एकूण लढती सुमारे २०० भरतात. आपल्या काळातल्या फ्लॉइड मेवेदरच्या ५०, आणि त्यासाठी २१ वर्षं. रॉबिन्सनने जिममध्ये नाही, खऱ्या लढतीत इतक्या तऱ्हेचे बॉक्सर पाहिले होते की समोरच्याचा पुढचा ठोसा त्याला आधीच कळत असावा. जुन्या फिती बघताना मला तरी तसंच वाटतं. मात्र त्या अनुभवाची किंमतही होती, उतारवयात रॉबिन्सनला अल्झायमर झाला.

आजच्यांचं पारडं जड आहे ते आहार, वैद्यकीय मदत आणि आकारमान यांमुळे. मार्सियानो लढताना साधारण ८४ किलो भरायचा, आज तो हेवीवेटपेक्षा हलक्या क्रूझरवेट गटात मोडेल. फ्युरी मे २०२४ मध्ये ११९ किलोंचा होता. शिवाय वजन हल्ली आदल्या दिवशी होतं, म्हणून ६६.७ किलोंच्या वेल्टरवेट गटातला बॉक्सर रिंगमध्ये येईपर्यंत बराच जड झालेला असतो. पूर्वी लढतीच्याच दिवशी काट्यावर उभं राहावं लागे. पण त्याच मे २०२४ मध्ये १०१ किलोंच्या उसिकने फ्युरीला हरवलं, म्हणजे नुसत्या वजनावरही निकाल लागत नाही.

कल्पनेपेक्षा मला दोन काळांत लढलेल्या माणसांवर जास्त भरवसा वाटतो. जॉर्ज फोरमन १९७३ साली विजेता झाला, १९७४ला किन्शासात अलीकडून हरला, १९७७ ते ८७ रिंगबाहेर होता. १९९१ साली ४२व्या वर्षी तो तेव्हाच्या विजेत्या होलीफिल्डसमोर पूर्ण १२ फेऱ्या उभा राहिला आणि १९९४ साली ४५व्या वर्षी मायकेल मूररला नॉकआउट करून पुन्हा विजेता झाला. आधीच्या पिढीचा विजेता लॅरी होम्सनेही ४२व्या वर्षी होलीफिल्डशी १२ फेऱ्या काढल्या. पुढे १९९६ साली व्यावसायिक झालेल्या व्लादिमिर क्लिच्कोने ४१व्या वर्षी, २०१७ साली, अँथनी जोशुआला खाली पाडलं, जरी अखेर तो हरला. चाळिशी ओलांडलेले लोक पुढच्या पिढीच्या विजेत्यांना इतका त्रास देत असतील, तर पंचविशीतला फोरमन आज काय करेल?

म्हणून माझं मत असं. खालच्या वजनगटांत रॉबिन्सन किंवा १९३०च्या दशकातला विजेता हेन्री आर्मस्ट्राँग आजही कुणालाही भारी पडतील. लुई किंवा मार्सियानोला ११९ किलोंच्या माणसासमोर उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. अली आणि उसिक यांची उंची मात्र जवळपास सारखी आहे, वजनातही फार फरक नाही आणि पायांची चपळाई दोघांकडे आहे. ती लढत १२ फेऱ्यांची असेल तर मी उसिकच्या बाजूने. १५ची असेल, तर १९७५ साली मनिलाच्या उकाड्यात फ्रेझरशी १४ फेऱ्या झुंजलेल्या अलीच्या.